जुना गेम, नवा लॅपटॉप: पडद्यावरचं चित्र बिघडलं तर कुठून सुरुवात करायची

एज ऑफ एम्पायर्स २ लावला तर गवत लाल आणि समुद्र जांभळा. जीटीए मालिकेतल्या व्हाइस सिटीवर डबल-क्लिक केलं तर ‘६४०×४८० व्हिडिओ मोड सापडत नाही’ असा इंग्रजी संदेश आणि गेम बंद. तिसरा एखादा गेम सुरू होतो, आवाजही येतो, पण समोर नुसता काळा पडदा. सायबर कॅफेच्या काळात तासावारी पैसे मोजून खेळलेले गेम आज घरच्या लॅपटॉपवर चालवायला घेतले की हे हमखास होतं. विचारलं की पहिला सल्ला येतो ‘ड्रायव्हर अपडेट कर’ आणि दुसरा ‘विंडोज परत टाक’. पहिला कधीमधी उपयोगी पडतो. दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

बहुतेक वेळा तुमच्या मशीनमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. १९९९ चा गेम विंडोजकडे १९९९ सालच्या गोष्टी मागतो: २५६ रंगांचा पडदा, ६४०×४८० चं रिझोल्यूशन, आता बंद पडलेल्या कंपनीच्या ग्राफिक्स कार्डाची भाषा. आजचं विंडोज त्या गोष्टी देत नाही, किंवा दिल्यासारखं करतं. त्यामुळे गेम नेमकं काय मागतोय हे ओळखलं की अर्धं काम झालं.

खालच्या पायऱ्या विंडोज १० आणि ११ धरून लिहिल्या आहेत. फाइलींची आणि मेनूंची नावं इथे देवनागरीत आहेत. तुमच्या पडद्यावर ती अर्थातच इंग्रजीत दिसतील.

आधी नीट बघा

काहीही बदलण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली, हा दोष फक्त या एका गेममध्ये आहे का? डेस्कटॉपवर, यूट्यूबच्या व्हिडिओत किंवा दुसऱ्या गेममध्येही रेघा, ठिपके, रंगांचे चट्टे दिसत असतील तर हा लेख तुमच्यासाठी नाही. केबल, मॉनिटर किंवा कार्ड बघा. दुसरी, तोच दोष दर वेळी, त्याच जागी येतो का? पहिल्या सेकंदापासून येणारा दोष बहुधा सेटिंगचा किंवा सुसंगततेचा असतो. वीस मिनिटं नीट खेळून मग त्रिकोणी तुकडे उडायला लागले, तर उष्णतेचा संशय घ्या.

स्क्रीनशॉटवर फार विसंबू नका. जुने फुल-स्क्रीन गेम स्क्रीनशॉटमध्ये पुष्कळदा कोरे काळे येतात, आणि माणूस नसलेल्या दोषाच्या मागे लागतो. सरळ मोबाइलने पडद्याचा फोटो काढा. पुढे कुणाची मदत मागायची वेळ आली तरी तोच उपयोगी पडेल.

तयारी

गेम प्रोग्राम फाइल्समध्ये असेल तर तो तिथून हलवा किंवा सी ड्राइव्हवर ‘गेम्स’ नावाचं साधं फोल्डर करून त्यात पुन्हा इन्स्टॉल करा. विंडोज व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोज प्रोग्राम फाइल्समध्ये कुणालाही सहजासहजी लिहू देत नाही. जुने गेम मात्र आपली सेटिंग्ज स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहू पाहतात. मग होतं असं, की तुम्ही तिथली सेटिंगची फाइल हाताने बदलता, गेम उघडता आणि सगळं जैसे थे. खरं तर विंडोजने गेमने लिहिलेली फाइल गुपचूप ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या दुसऱ्याच फोल्डरात ठेवलेली असते आणि गेम तीच वाचतो. निम्मी डोकेदुखी इथेच संपते.

सेव्ह केलेले खेळ दुसरीकडे कॉपी करून ठेवा. व्हाइस सिटीचे ‘डॉक्युमेंट्स’मधल्या ‘जीटीए व्हाइस सिटी यूझर फाइल्स’ या फोल्डरमध्ये असतात, एज ऑफ एम्पायर्स २ चे गेमच्याच फोल्डरमधल्या ‘सेव्हगेम’मध्ये.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. बदल करा, गेम लावा, बघा. फरक पडला नाही तर तो बदल मागे घ्या आणि मगच पुढे जा. सात बदल एकदम करून गेम चालला, तर कशामुळे चालला ते कळत नाही. चालला नाही, तर कशामुळे अडला तेही कळत नाही.

ड्रायव्हर आणि डायरेक्टएक्स: पाच मिनिटांचं काम

ड्रायव्हर म्हणजे विंडोजला ग्राफिक्स कार्ड चालवायला शिकवणारा प्रोग्राम, आणि डायरेक्टएक्स म्हणजे गेम ज्या भाषेत विंडोजकडून चित्र काढून घेतो ती. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, ‘डीएक्सडायग’ (dxdiag) टाइप करून एंटर मारा. ‘डिस्प्ले’ टॅबमध्ये कार्डाचं नाव बघा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असं असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर बसलेलाच नाही. मग आधी लॅपटॉपच्या किंवा कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून तो घ्या. तिथे इंटेल, एनव्हिडिया किंवा एएमडीचं नाव दिसत असेल तर ड्रायव्हर आहे, पुढे चला. १९९९ च्या गेमसाठी गेल्या आठवड्यातला ड्रायव्हर लागत नाही.

याच खिडकीत डायरेक्टएक्स १२ लिहिलेलं बघून ‘म्हणजे जुनं सगळं यात आलंच’ असं वाटतं. तसं नाही. २००५ च्या आसपासचे बरेच गेम ‘डी३डीएक्स९’ने सुरू होणाऱ्या, पुढे २४ ते ४३ पर्यंत आकडे असलेल्या छोट्या फाइली मागतात, आणि त्या विंडोजबरोबर येत नाहीत. अशी फाइल नाही म्हणून गेम उघडत नसेल तर मायक्रोसॉफ्टचं ‘डायरेक्टएक्स एंड-यूझर रनटाइम्स, जून २०१०’ हे पॅकेज बसवा. त्याने आधीचं डायरेक्टएक्स पुसलं जात नाही, फक्त राहिलेल्या फाइली येतात. हरवलेली डीएलएल (प्रोग्रामना लागणाऱ्या अशा मदतनीस फाइलींना डीएलएल म्हणतात) एकेकटी वाटणाऱ्या साइटवरून मात्र काही उतरवू नका. तिथून फाइलीबरोबर काय येईल याचा भरवसा नाही.

लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतील, एक इंटेलचं आणि एक वेगळं कार्ड, तर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जाऊन गेमची एक्झी, म्हणजे गेम सुरू करणारी फाइल, यादीत टाका आणि ‘हाय परफॉर्मन्स’ निवडून बघा. उलटही करून बघा. जुना एखादा गेम इंटेलवरच बरा चालतो.

कम्पॅटिबिलिटी टॅबमधल्या खुणा

गेमच्या एक्झीवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कम्पॅटिबिलिटी’ टॅब उघडा. शॉर्टकटवर नको, मूळ एक्झीवरच. इथे नवखा माणूस दिसेल त्या चौकोनात टिक करत सुटतो. प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

‘विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३’ किंवा ‘विंडोज ९८’ निवडलं की विंडोज गेमला आपली आवृत्ती खोटी सांगतं आणि काही जुन्या सवयी पाळतं. उघडतानाच ‘ही विंडोज चालणार नाही’ म्हणणाऱ्या गेमसाठी हे आहे. रंग बिघडले असतील तर याने सहसा काही होत नाही.

‘रिड्यूस्ड कलर मोड’मध्ये ८-बिट आणि १६-बिट असे दोन पर्याय मिळतात. गेमने स्वतःहून ‘२५६ रंग हवेत’ असं सांगितलं तरच ८-बिट लावा. विंडोज ८ पासून खऱ्या अर्थाने ३२-बिट रंगच उरले आहेत. खालचे मोड विंडोज आतल्या आत नक्कल करून भागवतं.

‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ हे बटण मात्र बिनधास्त दाबा. खिडकी पडद्याबाहेर गेली आहे, किंवा चित्राचा डावा-वरचा कोपराच दिसतो आणि माउसचा बाण एकीकडे तर क्लिक दुसरीकडे लागतो, अशा तक्रारींवर रामबाण औषध इथे आहे. लॅपटॉपवर विंडोज अक्षरं १२५ किंवा १५० टक्के मोठी करून दाखवतं आणि गेमला त्याची कल्पनाच नसते. खालचा ‘ओव्हरराइड हाय डीपीआय स्केलिंग’चा चौकोन टिक करून यादीतून ‘अॅप्लिकेशन’ निवडा.

‘डिसेबल फुलस्क्रीन ऑप्टिमायझेशन्स’ लुकलुक आणि आल्ट-टॅबच्या त्रासासाठी करून बघण्यासारखं आहे. ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ शेवटी. गेम वेगळ्या फोल्डरात हलवला असेल तर त्याची गरज क्वचितच पडते.

लाल गवत, जांभळा समुद्र

आता एज ऑफ एम्पायर्स २. ‘द एज ऑफ किंग्ज’ १९९९ चा आणि त्याची ‘द कॉन्करर्स’ ही भर २००० ची. हा गेम २५६ रंगांत चालतो, आणि ते कसं चालतं हे समजून घेतलं की त्या काळचे डझनभर गेम एकदम समजतात.

पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी गेम रंग साठवत नाही, ० ते २५५ मधला एक आकडा साठवतो. कोणत्या आकड्याचा कोणता रंग याचा वेगळा तक्ता असतो, त्याला पॅलेट म्हणतात. समजा गवताच्या एका ठिपक्याचा आकडा ३७ आहे आणि तक्त्यात ३७ म्हणजे गडद हिरवा. गेमने आपला तक्ता विंडोजच्या हवाली केला की हिरवळ उगवते. पण त्याच वेळी मागे डेस्कटॉपही चालू असतो. डेस्कटॉप, टास्कबार, आयकॉन हे सगळं सांभाळणारा एक्सप्लोरर मध्येच तक्त्यातल्या जागा आपल्या रंगांनी भरतो. गेमला ते कळत नाही. ठिपक्याचा आकडा ३७ च राहतो, पण आता ३७ म्हणजे लाल. म्हणून चित्राचे आकार सगळे शाबूत असतात, घोडेस्वार घोडेस्वारच दिसतो, रंग तेवढे भलतेच. आकार नीट आणि रंग चुकीचे अशी जोडी दिसली की पॅलेटवर बोट ठेवा. १९९८ च्या स्टारक्राफ्टलाही हाच आजार होता.

व्हिस्टा आणि विंडोज ७ वर हा प्रकार सर्रास व्हायचा आणि त्यावरचा गावठी इलाज म्हणजे एक्सप्लोररलाच थोडा वेळ बाहेर काढणं. अजूनही लागलाच तर असा करा:

१. चालू असलेली सगळी कामं सेव्ह करा.
२. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा.
३. ‘डिटेल्स’मध्ये ‘एक्सप्लोरर.एक्झी’ (explorer.exe) शोधून ‘एंड टास्क’ करा. टास्कबार आणि आयकॉन नाहीसे होतील. घाबरू नका, काहीही पुसलं गेलेलं नाही.
४. टास्क मॅनेजरमध्येच ‘रन न्यू टास्क’ निवडून गेमची एक्झी दाखवा आणि खेळा.
५. खेळून झालं की पुन्हा ‘रन न्यू टास्क’ आणि तिथे ‘एक्सप्लोरर.एक्झी’ टाइप करा. डेस्कटॉप परत येतो.

चालतं, पण दर वेळी एवढा उपद्व्याप कोण करणार? विंडोज १० आणि ११ वर मी सरळ सीएनसी-डीड्रॉ वापरायला सांगेन. हे फुकट आणि मुक्त स्रोताचं छोटं साधन मूळ ‘कमांड अँड कॉन्कर’ या गेमसाठी बनलं, पण एज ऑफ एम्पायर्सपासून बऱ्याच जुन्या द्विमितीय गेमना चालतं. झिप उघडून त्यातल्या फाइली गेमच्या एक्झीशेजारी ठेवायच्या. ‘द कॉन्करर्स’ खेळत असाल तर एक गोष्ट चुकू देऊ नका: त्याची खरी एक्झी गेमच्या फोल्डरमधल्या ‘एज२_एक्स१’ या आतल्या फोल्डरात असते, आणि फाइली तिथे पडायला हव्यात. बाहेरच्या फोल्डरात टाकल्या की काहीच फरक दिसत नाही आणि माणूस साधनाला नावं ठेवतो.

रंग जागेवर आले की पुढचा प्रश्न रुंदीचा. मूळ गेममध्ये ८००×६००, १०२४×७६८ आणि १२८०×१०२४ एवढीच रिझोल्यूशनं आहेत. १३६६×७६८ च्या साध्या लॅपटॉपवर १०२४×७६८ उंचीला अगदी बरोबर बसतं आणि दोन्ही बाजूंना १७१ ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या राहतात. त्या पट्ट्या दोष नाहीत, उलट चित्र ताणलं जात नाहीये याची ती खूण आहे. ताणलं जात असेल तर इंटेल किंवा एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलात स्केलिंग ‘फुल स्क्रीन’वरून काढून ‘अॅस्पेक्ट रेशो’वर ठेवा. पट्ट्या नकोतच असतील तर कॉन्करर्ससाठी ‘यूझरपॅच’ नावाची चाहत्यांनी केलेली दुरुस्ती आहे, ती रुंद पडद्याची रिझोल्यूशनं देते. रिझोल्यूशन वाढवलं की नकाशा जास्त दिसतो आणि माणसं बारीक होतात, हे लक्षात ठेवा. पूर्ण एचडी लॅपटॉपवर गावकरी शोधताना डोळे दुखतात.

नुसतं खेळायचं असेल, जुन्या सीडीचा हट्ट नसेल, तर २०१९ ची डेफिनिटिव्ह एडिशन स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात सवलतीत घ्या आणि हा सगळा भाग विसरा. तिला बरं ग्राफिक्स लागतं एवढंच.

व्हाइस सिटी: ६४०×४८० चा हट्ट

२००३ मध्ये पीसीवर आलेला व्हाइस सिटी डायरेक्टएक्स ८ च्या पिढीतला. इथे पॅलेट नाही, रंगांची भानगड नाही. इथला त्रास तीन प्रकारचा: गेम उघडतच नाही, चित्र जाडं दिसतं, किंवा धुरकट दिसतं.

६४०×४८० चा संदेश येऊन गेम बंद होत असेल तर आधी जोडलेला टीव्ही, प्रोजेक्टर किंवा दुसरा मॉनिटर काढा. मग ‘जीटीए व्हाइस सिटी यूझर फाइल्स’ फोल्डरमधली ‘जीटीए_व्हीसी.सेट’ ही फाइल डेस्कटॉपवर हलवून ठेवा. तिच्यात जुनी सेटिंग्ज असतात, आणि दुसऱ्या मशीनवरून उचलून आणलेल्या कॉपीत ती या पडद्याशी जुळणारी नसतात. फाइल सापडली नाही की गेम नवी करकरीत बनवतो. सेव्ह केलेल्या खेळांना धक्का लागत नाही. तरीही अडलं तर कम्पॅटिबिलिटीत ‘६४०×४८० मध्ये चालवा’ ही खूण करून बघा. आणि तुमचं कार्ड तो मोड देतं तरी का, हे पाहायचं असेल तर डिस्प्लेच्या अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमधून ‘डिस्प्ले अडॅप्टर प्रॉपर्टीज’ आणि तिथे ‘लिस्ट ऑल मोड्स’. यादीत ६४०×४८० नसेल तर ड्रायव्हर बदलण्याला इथे मात्र अर्थ आहे.

याचाच एक चुलतभाऊ आहे. कार्डावर ४ जीबी मेमरी असताना जुना गेम म्हणतो, व्हिडिओ मेमरी अपुरी आहे. त्या काळी कुणी २ जीबीच्या कार्डाची कल्पना केली नव्हती. गेम मेमरीचा आकडा अशा जागेत साठवतो जिथे २,१४,७४,८३,६४७ च्या पुढची संख्या मावत नाही. तिच्यापुढे गेलं की आकडा उणे होतो आणि गेमला वाटतं मेमरीच नाही. यावर ड्रायव्हरचा काही उपयोग नाही. पुढे सांगितलेला रॅपर लावायचा, तो गेमला माफक मेमरीचं कार्ड दाखवतो.

आता जाडेपणा. गेम ४:३ आकाराच्या पडद्यासाठी रचलेला, तुमचा पडदा १६:९. तेच चित्र ओढून बसवलं की सगळं एक तृतीयांश जास्त रुंद होतं. रस्त्यावरच्या गाड्या चपट्या, गेमचा नायक टॉमी व्हर्सेटी खाऊन-पिऊन सुखी, आणि कोपऱ्यातला गोल रडार लंबगोल. गेमच्या मेनूत ‘वाइड स्क्रीन’ नावाचा पर्याय आहे, पण त्याच्यावर अवलंबून राहू नका. ‘वाइडस्क्रीन फिक्स’ ही मोडरांनी, म्हणजे गेममध्ये स्वतःहून बदल करणाऱ्या चाहत्यांनी, केलेली दुरुस्ती बसवा, तिने रडारसकट सगळं जागेवर येतं. तिच्याबरोबर ‘सायलेंटपॅच’ही बसवा, तो नव्या विंडोजवरचे कितीतरी बारीकसारीक दोष काढतो. दोन्ही गेमच्या फोल्डरात फाइली टाकूनच बसतात. सोबतची रीडमी वाचा, एक्झीची कोणती आवृत्ती चालते ते तिथे दिलेलं असतं. बाजारातून आणलेल्या, कुणीतरी छेडछाड केलेल्या एक्झीवर अशा दुरुस्त्या बसतच नाहीत, आणि मग दोष दुरुस्तीवर जातो.

धुरकटपणासाठी डिस्प्लेच्या मेनूत ‘ट्रेल्स’ बंद करा. हा हलत्या चित्रामागे सावली सोडणारा परिणाम त्या काळी फॅशनमध्ये होता. बंद केला की चित्र एकदम स्वच्छ होतं. काहींना मात्र तो गुलाबी-नारिंगी धूसरपणा म्हणजेच व्हाइस सिटी वाटतो. आवड आपली.

त्याच मेनूतला ‘फ्रेम लिमिटर’ चालू राहू द्या. बंद केल्यावर हालचाल गुळगुळीत दिसते म्हणून लोक तो बंद करतात, आणि मग गाड्या विचित्र वागायला लागतात, कारण गेमचं बरंचसं गणित फ्रेमच्या, म्हणजे सेकंदाला किती चित्रं काढली जातात त्याच्या, वेगाला बांधलेलं आहे. जीटीएच्याच सॅन अँड्रियासमध्ये तर लिमिटर बंद ठेवला की पोहणं जवळजवळ अशक्य होतं. तो दोष ग्राफिक्स कार्डाचा समजून शोधत बसणारे बरेच भेटतात.

रॅपर म्हणजे काय आणि तो कसा लावायचा

रॅपर ही दुभाष्याची नोकरी करणारी डीएलएल फाइल. गेम जुन्या डायरेक्टएक्सच्या भाषेत बोलतो, रॅपर ते ऐकून आजच्या भाषेत कार्डाला सांगतो. गेमला पत्ता लागत नाही, कारण गेम सुरू होताना हवी ती डीएलएल विंडोज बहुतेक वेळा आधी एक्झीच्याच फोल्डरात शोधतं आणि मग सिस्टिमच्या फोल्डरात. आपण त्याच नावाची आपली फाइल एक्झीशेजारी ठेवतो, बस्स. सिस्टिमच्या फोल्डरातल्या फाइलींना हातही लावायचा नाही. तिथे डीएलएल टाका असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

नवख्याने सुरुवात डीजीव्हूडू २ ने करावी. डायरेक्टड्रॉपासून (डायरेक्टएक्सचा द्विमितीय चित्रांचा जुना भाग) डायरेक्टएक्स ९ पर्यंतचे आणि थ्रीडीएफएक्स या जुन्या कार्ड-कंपनीच्या ग्लाइड भाषेवर चालणारे, असे गेम तो सांभाळतो.

१. झिप वेगळ्या फोल्डरात उघडा.
२. ‘एमएस’ फोल्डरमधलं ‘एक्स८६’ उघडा. तुमचं विंडोज ६४-बिट असलं तरी एक्स८६ च, कारण हे जुने गेम ३२-बिट आहेत. सगळ्यात जास्त लोक इथे घसरतात.
३. गेमच्या पिढीप्रमाणे फाइल निवडा. १९९९ च्या आगेमागे असेल तर ‘डीड्रॉ’ आणि ‘डी३डीइम’, व्हाइस सिटीच्या पिढीला ‘डी३डी८’, २००४-०५ च्या नीड फॉर स्पीडसारख्यांना ‘डी३डी९’. लागेल तीच ठेवा, सगळ्या ओतू नका.
४. तीच फाइल आणि ‘डीजीव्हूडूसीपीएल’ हा कंट्रोल पॅनेल गेमच्या एक्झीशेजारी कॉपी करा.
५. कंट्रोल पॅनेल उघडा. ‘जनरल’मध्ये स्केलिंग असं निवडा की आकाराचं प्रमाण टिकेल. ‘डायरेक्टएक्स’मध्ये वॉटरमार्कची खूण चालू ठेवा.
६. गेम लावा. कोपऱ्यात डीजीव्हूडूचं चिन्ह दिसलं तर रॅपर कामाला लागला. दिसलं नाही, तर फाइल चुकीच्या फोल्डरात किंवा चुकीच्या पिढीची आहे.

खात्री झाल्यावर वॉटरमार्क बंद करा. नाही जमलं तर ठेवलेली डीएलएल काढून टाका, गेम पहिल्यासारखा होतो. एकाच नावाची फाइल दोन दुरुस्त्यांना हवी असेल, उदाहरणार्थ दोन्हींची ‘डीड्रॉ.डीएलएल’, तर दोन्ही एकत्र नांदत नाहीत. एक निवडावी लागते. अँटिव्हायरस कधी अशा डीएलएलवर ओरडतो, कारण दुसऱ्याच्या नावाने बसणं ही व्हायरसचीही खोड आहे. म्हणून फाइल मूळ कर्त्याच्या पानावरूनच घ्या, आणि सूट द्यायची झाली तर त्या एका फाइलीला द्या. अँटिव्हायरस सगळाच्या सगळा बंद करून ठेवू नका.

विंडोजऐवजी लिनक्सवर किंवा स्टीम डेक या हातातल्या गेम-यंत्रावर खेळणाऱ्यांना हेच काम डीएक्सव्हीके करतो. २०२४ पासून त्यात डायरेक्टएक्स ८ सुद्धा आलं आहे.

ग्लाइडबद्दल थोडं. १९९७ चा नीड फॉर स्पीड २ एसई आज साध्या मोडमध्ये चालवला की ठोकळेबाज दिसतो, आणि वाटतं, लहानपणी इतका छान कसा वाटला होता? त्याचं चांगलं रूप थ्रीडीएफएक्सच्या व्हूडू कार्डासाठी होतं आणि त्या कार्डाची स्वतःची भाषा होती ग्लाइड. थ्रीडीएफएक्सची मालमत्ता एनव्हिडियाने डिसेंबर २००० मध्ये विकत घ्यायचं ठरवलं आणि ग्लाइड तिथेच थांबलं. डीजीव्हूडूच्या ‘३डीएफएक्स’ फोल्डरमधल्या ग्लाइड फाइली किंवा एनग्लाइड हे वेगळं साधन बसवलं की ते रूप आजही बघता येतं. रस्त्यावरचं धुकं आणि गाडीवरची चमक तेव्हा खऱ्या व्हूडूवर दिसायची तशी.

डॉसचे गेम, म्हणजे डेंजरस डेव्ह, जुना प्रिन्स ऑफ पर्शिया, ही वेगळी जात. ते विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीवरचे. वरचं काहीही त्यांना लागू नाही, डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्स हा प्रोग्राम घ्या.

काळा पडदा, आवाज चालू

आधी एंटर, एस्केप आणि माउसचं बटण दाबून बघा. बऱ्याचदा सुरुवातीची कंपनीच्या चिन्हाची फिल्म चालत नसते आणि गेम तिच्या संपण्याची वाट बघत असतो. बटण दाबल्यावर मेनू आला तर ग्राफिक्स ठणठणीत आहे.

मेनू आला, खेळलात, मध्येच आल्ट-टॅब करून व्हॉट्सअॅप बघितलं आणि परत आल्यावर काळं, तर त्याचं कारण वेगळं. डायरेक्टएक्स ८-९ च्या काळात फुल-स्क्रीन गेममधून बाहेर पडलं की कार्डावरचा ताबा सुटायचा आणि परतल्यावर गेमला सगळी चित्रं नव्याने भरावी लागायची. कच्चे गेम हे करायला विसरतात. खिडकीत चालवा, म्हणजे विंडोड मोडमध्ये, किंवा रॅपरला खिडकी करायला सांगा.

आणि जे ग्राफिक्सचं नाहीच

मूळ सीडी घातली, आयकॉनवर क्लिक केलं आणि काहीच झालं नाही, संदेशही नाही, तर चित्राच्या मागे लागू नका. त्या काळच्या पुष्कळ सीड्यांवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं. विंडोज १० ने सुरक्षेच्या कारणाने त्याचा ड्रायव्हर पहिल्यापासून ठेवलाच नाही. अशी सीडी अस्सल असूनही उघडत नाही; त्याच गेमची जीओजी (जुने गेम विकणारं ऑनलाइन दुकान) किंवा स्टीमवरची आवृत्ती घेणं सोपं. जीओजीवाले जुन्या गेममध्ये बऱ्याचदा रॅपर आधीच घालून देतात, म्हणजे वरची निम्मी मेहनत वाचते. त्यावर आपला दुसरा रॅपर टाकण्याआधी फोल्डरात ‘डीड्रॉ’ किंवा ‘ग्लाइड’ नावाची फाइल आधीच आहे का, ते बघा.

उरली उष्णता. थोडा वेळ खेळल्यावर तुकडे, रेघा, लुकलुक आणि मग मशीन बंद, असं होत असेल तर गेम उघडा ठेवून टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये जीपीयूचं, म्हणजे ग्राफिक्सच्या चिपचं, तापमान बघा. वेगळं कार्ड असेल तर विंडोज १० आणि ११ तिथेच दाखवतं. जुना गेम फ्रेमचा लगाम नसेल तर कार्डाला सेकंदाला शेकडो फ्रेम काढायला लावतो, म्हणजे इतका साधा गेम खेळतानाही पंखा बोंबलतो. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग पडद्याच्या वेगाशी जुळवणारं सेटिंग) किंवा लिमिटर चालू करा आणि पुन्हा तापमान बघा. तरीही ते चढतच गेलं, तर लॅपटॉप उघडून पंख्यातली धूळ काढून घ्या आणि गादीवर ठेवून खेळू नका.